डिस्पोजलची जीप

शिरूर तालुक्यात जीप दोन ठिकाणी सापडते. एक रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, फियाटच्या कारखान्यात. २०१७ च्या जूनमध्ये तिथून पहिली कंपास बाहेर पडली. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या चालतात त्या परदेशांनाही ती इथूनच जाऊ लागली आणि २०२१ पासून रँग्लरची जुळणीही तिथंच सुरू झाली. दुसरी जीप घोड आणि भीमेच्या काठच्या ऊसपट्ट्यात, एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या गंजीशेजारी उभी असते. टायर बसलेले, हूड फाटलेलं, हौद्यात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "मिल्ट्री डिस्पोजलची गाडी आहे, पाहुणं. चाळीसची विलीज." हे प्रकरण त्या दुसऱ्या जीपबद्दल आहे. मालक म्हणतो ती गाडी खरंच तीच आहे का हे कसं पाहायचं, ती कशी घ्यायची आणि पुढं विकायची वेळ आली तर कशी विकायची.

लष्करी वाहनांच्या खरेदी-विक्रीसाठी शिरूर-दौंडचाच मुलूख का घ्यावा, याचं उत्तर नकाशात आहे आणि इतिहासातही. शिरूर म्हणजे जुन्या कागदपत्रांतली घोडनदी, इंग्रजांची छावणी. कोरेगावच्या लढाईसाठी कॅप्टन स्टॉन्टनची पलटण ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघाली ती याच छावणीतून. पुणे तहानंतर त्याच वर्षी उभं राहिलेलं पूना ऑक्झिलरी हॉर्स पुढं 'पूना हॉर्स' झालं, घोड्यावरून रणगाड्यावर गेलं आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांत लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल असे दोन परमवीरचक्र विजेते त्यानं दिले. आलेगाव पागा इथं इंग्रजांनी लष्करासाठी घोड्यांची पैदास केली. भीमेपलीकडे दौंड ज्या जुन्या भीमथडी तालुक्यात होतं, त्याच्या तट्टांवर मराठ्यांचे स्वार उत्तरेत गेले. त्या भीमथडी घोड्याची अलीकडेच देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. फौजेच्या कामातून निघालेलं वाहन शेतकऱ्याच्या दावणीला येणं, ही या भागाची दोनशे वर्षांची सवय आहे.

आजचा नकाशा पाहिला तरी तेच दिसतं. शिरूर पुणे-नगर रस्त्यावर जवळजवळ मध्यावर आहे. पश्चिमेला खडकीत चिलखती वाहनांचा मध्यवर्ती डेपो आणि ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे, देहूरोडला आयुध भांडार आहे. पूर्वेला अहिल्यानगरात आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे ५ आणि ७ क्रमांकाचे गट आहेत आणि नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळं निवृत्त सैनिक, वर्कशॉपमधून बाहेर पडलेला फिटर आणि निकाली काढलेली गाडी, ही तिन्ही या पट्ट्यात एकमेकांना सहज भेटतात.

आता मूळ गाडीकडे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्करानं हलक्या टेहळणी वाहनाची मागणी काढली. अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीनं कार्ल प्रोब्स्टच्या आराखड्यावरून पहिला नमुना त्याच वर्षी २३ सप्टेंबरला हजर केला. बँटमची ऐपत लहान होती, म्हणून मोठं काम विलीज-ओव्हरलँडकडे गेलं आणि मागणी भागेना तेव्हा विलीजच्याच नकाशावर फोर्डलाही गाड्या बनवायला दिल्या. विलीजची ती 'एमबी' आणि फोर्डची 'जीपीडब्ल्यू'. १९४५ पर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या काढल्या. २,१९९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ताकद ६० अश्वशक्ती, वजन साधारण ११०० किलो, दोन चाकांच्या आसांमधलं अंतर ८० इंच. याच आराखड्याच्या आधारावर पुढची अनेक दशकं भारतातल्या जीपा चालल्या.

ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळं या गाड्या भारतात मोठ्या संख्येनं आल्या आणि युद्ध संपल्यावर लिलावात निघाल्या. त्या काळात खासगी मोटार मिळणं दुर्मीळ होतं. जिला रस्ता लागत नाही आणि जी गावच्या लोहाराच्या हातानंही दुरुस्त होते, अशी गाडी बागायतदाराला, डॉक्टरला, ठेकेदाराला हवीच होती. २ ऑक्टोबर १९४५ ला 'महिंद्रा अँड मोहम्मद' स्थापन झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. मुंबईत माझगावला त्यांनी सुट्या भागांतून विलीज जोडायला सुरुवात केली आणि मग सीजे-३बी हे मॉडेल इथंच बनवलं. विलीज कंपनीचा मालक अमेरिकेत बदलत राहिला आणि पुढं जीपचं नाव क्रायस्लरकडे गेलं. महिंद्रा मात्र ते जुनं उंच बोनेटचं मॉडेल अनेक दशकं काढत राहिली. म्हणून आपल्याकडच्या शेडमध्ये 'चाळीसची विलीज' म्हणून दाखवलेली गाडी बहुतेक वेळा साठ-सत्तरच्या दशकातली महिंद्रा असते.

यात महिंद्राचं काहीही कमी नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी पॅटन रणगाडे फोडले, ते जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेनं. नगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन पाहायला मिळतो. त्याच्यासमोर उभं राहिलं की जीपचा पातळ पत्रा आणि त्या माणसाचं धाडस, दोन्ही नीट कळतं. स्वतंत्र भारताच्या फौजेची गाडी हवी असेल तर ती ही. अडचण एवढीच, की बाजारात तिला तिच्या नावानं किंमत मिळत नाही आणि म्हणून तिला दुसऱ्याच गाडीचा वेश चढवतात. जुनी फौजी गाडी जी आहे तीच म्हणून घ्यावी आणि तीच म्हणून विकावी, हे माझं या व्यवहारातलं पक्कं मत आहे. पुढची सगळी पारख त्यासाठीच.

सुरुवात दुरूनच करावी. युद्धातल्या एमबी आणि जीपीडब्ल्यूचं बोनेट बुटकं आणि सपाट असतं. सीजे-३बीचं बोनेट उंच आहे, कारण तिच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले; इंजिन उंच झालं आणि पत्र्यालाही उंच व्हावं लागलं. हा फरक रंगानं झाकता येत नाही. बोनेट बदलून झाकता येतो, पण मग जाळी, काउल आणि काचेची चौकट यांचा मेळ बसत नाही आणि सांध्यावर वेल्डिंगचे ठिपके दिसतात. युद्धातल्या गाडीच्या दाबून काढलेल्या जाळीला नऊ फटी असतात, नागरी जीपला सात. विलीजच्या अगदी पहिल्या सुमारे २५ हजार गाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली होती. तशी अस्सल जाळी दिसली तर तिथंच थांबून बाकीची गाडी दुप्पट लक्ष देऊन पाहावी.

मग मागं जावं. युद्धातल्या जीपला मागं उघडणारं फळकूट नसतं, सलग पत्रा असतो आणि जादा चाक त्यावर टांगलेलं असतं. नागरी जीपला मागं फळकूट असतं आणि चाक बाजूला. पुढं हेडलाइट पाहावेत. एमबीचे दिवे बिजागरीवर उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. अंधारात, कंदील न पेटवता दुरुस्ती करता यावी म्हणून केलेली ही सोय मला त्या गाडीतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. स्टिअरिंग मात्र फसवतं. एमबी आणि जीपीडब्ल्यू दोन्ही डाव्या हाताच्याच बनल्या, पण भारतात त्यातल्या बऱ्याच उजव्या करून घेतल्या गेल्या. त्यामुळं उजवं स्टिअरिंग म्हणजे बनावट असं धरू नये. डाव्या बाजूला चासीवर जुन्या स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांची भोकं दिसतात का ते बघावं.

विलीज की फोर्ड हा प्रश्न खाली वाकल्याशिवाय सुटत नाही. रेडिएटरच्या खाली, चासीच्या दोन दांड्यांना जोडणारी पुढची आडवी पट्टी पाहावी. ती गोल नळीची असेल तर चासी विलीजची, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्डची. फोर्डनं आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी 'एफ' ठोकलेलं असतं. पण रणांगणावरच्या वर्कशॉपमध्ये हाताला लागेल तो भाग बसवत असत. विलीजच्या चासीवर फोर्डचं इंजिन निघालं तर घाबरण्याचं कारण नाही, तो त्या गाडीच्या नोकरीचाच भाग आहे. नंबर मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचावेत. फोर्डचा नंबर चासीच्या डाव्या दांडीवर वरच्या बाजूला पंच केलेला असतो, विलीजचा डाव्या दांडीवर पुढं आतल्या अंगाला, पत्र्याच्या छोट्या पाटीवर. इंजिन नंबर उजव्या बाजूला ऑइल फिल्टरजवळ. रॉकेलचा बोळा, तारेचा ब्रश आणि बॅटरी घेऊन जावं. ताज्या ग्राइंडरच्या रेघा, एकाच नंबरातले दोन वेगळे ठसे, भोवतालच्या गंजलेल्या पत्र्यात मधेच चकचकीत तुकडा, यांपैकी काहीही दिसलं तर चहा घ्यावा, नमस्कार करावा आणि निघावं. अमेरिकी लष्कराचं १९४४ चं 'टीएम ९-८०३' हे तंत्रपुस्तक या गाड्यांचं बायबल मानतात. त्यातली चित्रं मोबाइलमध्ये असली की वाद कमी होतात.

शिरूर-दौंडकडे दुसऱ्या महायुद्धाची अस्सल गाडी क्वचित सापडते. जास्त भेटतात त्या नंतरच्या फौजी गाड्या, आणि त्यांत सगळ्यात रुबाबदार जोंगा. निस्सान पेट्रोलच्या परवान्यावर जबलपूरला बनलेली, ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी १९९९ पर्यंत निघत होती. ती चिखलात थांबत नाही आणि पेट्रोल पंपावरून लवकर हलत नाही. शेतकऱ्यांनी म्हणूनच तिची इंजिनं काढली आणि डिझेल बसवली. छोट्या जीपांच्या बाबतीत तेच झालं, कुणी पर्किन्स बसवलं, कुणी मॅटाडोरचं. १९८० च्या दशकात महिंद्रानं स्वतःच २,११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन असलेली एमएम-५४० आणली. ती आणि तिची थोरली बहीण एमएम-५५० फौजेत आणि पोलिसांत भरपूर होत्या. दौंडच्या बाजूला पोलीस खात्याची लिलावात निघालेली एमएम-५४० 'मिल्ट्रीची' म्हणून विकायला काढलेली दिसली तर आश्चर्य वाटू नये. फरक कागदावर कळतो. पोलिसांच्या गाडीला पहिल्यापासून साधा आरटीओचा नंबर असतो. फौजेच्या गाड्यांची नोंद संरक्षण खात्याकडे होते, त्यांच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण आणि त्यानंतर वर्षाचे दोन आकडे असतात.

मग जिप्सी. मारुतीनं ती १९८५ मध्ये आणली, नव्वदच्या दशकात ती फौजेत गेली आणि तीस हजारांहून जास्त जिप्सी फौजेनं घेतल्या. आज फौजी गाडी हौसेनं घेणाऱ्या तरुणाच्या आवाक्यात आणि आरटीओच्या नियमांतही बसेल अशी हीच एक. पुढं दिव्यांची लोखंडी रक्षकपट्टी, बाजूला जेरीकॅन ठेवायची चौकट, मागं ओढायचा हूक; आणि खाली वाकलं तर मागच्या हाऊसिंगवर पांढरा रंग आणि त्यावर उजेड पाडणारा छोटा दिवा. काफिल्यात दिवे विझवून जाताना मागच्या ड्रायव्हरला पुढची गाडी त्या पांढऱ्या ठिपक्यावरून दिसते. रंग पुसला असला तरी दिव्याची भोकं राहतात. फौजी खुणा अशाच, बिनकामाच्या वाटणाऱ्या भोकांत सापडतात.

गाडी कामाची आहे का, हे पाहण्याची रीत सगळ्यांना सारखीच. पत्र्यावर लोहचुंबक फिरवावं, जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी आहे. पाटे सरळ झालेत का, पुढच्या चाकाच्या गोळ्यातून ऑइल गळतंय का, चाक वर उचलून हलवल्यावर किंगपिनमध्ये खेळ येतो का, ते बघावं. हा खेळ वाढला की चाळीसच्या वेगाला सगळं स्टिअरिंग थरथरू लागतं. फोर बाय फोर आहे असं सांगितलं तर मऊ जमिनीवर, नांगरटीत, लिव्हर टाकून बघावं. डांबरी रस्त्यावर टाकू नये. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या आसाला वेगळं फिरू देणारं मधलं डिफरेन्शिअल नाही, त्यामुळं कडक रस्त्यावर वळताना सगळा ताण गिअरबॉक्स आणि क्रॉसवर येतो. ब्रेकची पारख सगळ्यात आधी करावी असं मी म्हणेन. जुन्या जीपच्या चारही चाकांच्या ब्रेकला एकच मास्टर सिलिंडर आणि एकच वाट असते. एका चाकाची नळी फुटली की चारही ब्रेक जातात. ही गाडी शिकणाऱ्या मुलाच्या हाती देताना हे वाक्य त्याला सांगून द्यावं. पेट्रोल गाडी असेल तर जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलून घ्यावा. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या उसापासून तेही बनतं, पण १९६० च्या रबरानं त्याची तयारी केलेली नाही.

सुट्या भागांची काळजी मात्र फार नको. साध्या जीपचे भाग पुण्यात नाना पेठेत मिळतात, अवघड वस्तू मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात शोधाव्या लागतात. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली तर जुन्या जीपांवरच जगतं. तिथून पूर्ण तयार, चकचकीत गाड्या महाराष्ट्रात येतात. त्या दिसायला देखण्या असतात. पण त्यांतल्या कितींची चासी, बॉडी आणि इंजिन एकाच जन्माचं असतं, हा प्रश्न विचारल्याशिवाय इसार देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्यानं ठरवलेल्या रचनेपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी ठामपणे सांगितलं. बदललेलं इंजिन आरसीवर नोंदलेलं नसेल तर अपघाताच्या दिवशी विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवते.

आता कागद. खरा घोळ इथंच असतो. फौज गाडी थेट कुणाला विकत नाही. पूर्वी केंद्राच्या पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयामार्फत लिलाव व्हायचे, ते खातं २०१७ मध्ये बंद झालं. आता १९६४ मध्ये स्थापन झालेल्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर बोली लागते. आधी नाव नोंदवायचं, अनामत भरायची, ठरलेल्या तारखांना डेपोत जाऊन लॉट बघायचा आणि मग बोली. मुख्य अट, 'जिथं आहे, जसं आहे'. लॉटमध्ये एक गाडी असते, कधी अनेक. कधी इंजिन नसलेली, कधी फक्त भंगार म्हणून, म्हणजे पुन्हा रस्त्यावर आणायची परवानगी नसलेली. शेवटची अट वाचली नाही तर हाती लोखंड येतं आणि त्याला नंबर कधीच मिळत नाही. लॉट मोठे व्यापारी घेतात आणि एकेक गाडी सोडवून विकतात. व्यापाऱ्याकडून घेणाऱ्यानं डेपोनं दिलेलं मूळ विक्रीपत्र आणि गाडी सोडल्याचा कागद मागावा, त्यावरचा चासी व इंजिन नंबर गाडीशी जुळवावा. झेरॉक्स चालणार नाही. हा कागद असेल तरच आरटीओ तपासणी करून नागरी नंबर देतं.

सरकारी गाड्यांचा हा ओघ यापुढं आटत जाणार आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रातच जातात. लष्कराच्या आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामाच्या चिलखती व खास वाहनांना त्यातून सूट आहे. पण तहसील, पंचायत समिती, पोलीस यांच्या साध्या जीपा पूर्वीसारख्या लिलावातून गावात येणार नाहीत. आज शेडमध्ये उभी असलेली गाडी म्हणूनच जपायला हवी. तिच्या जागी दुसरी येण्याची वाट बंद होते आहे.

खासगी मालकाकडून घेताना पहिला प्रश्न आरसी बुकाचा. गाडी भीमा ओलांडून दौंडकडे गेली तरी आरटीओ कार्यालय बदलतं. शिरूरची गाडी पुण्याच्या एमएच-१२ ची, दौंडची बारामतीच्या एमएच-४२ ची. नाव चढवायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, दुसऱ्या राज्यातून आली असेल तर २८ नंबरची एनओसी, बँकेचा बोजा असेल तर ३५ नंबर. जुन्या गाडीचा मूळ मालक वारलेला असतो आणि मुलांनी नावं चढवलेली नसतात, हे फार वेळा दिसतं. तिथं भावकीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे मोकळे करू नयेत. आणि एक फसवणूक ओळखून ठेवावी: कुठंतरी भंगारात गेलेल्या खऱ्या जुन्या गाडीचं आरसी बुक मिळवून ते नंतरच्या महिंद्रावर 'बसवतात'. बुकात १९४३ लिहिलेलं असतं, समोर उंच बोनेट उभं असतं. कागद आणि लोखंड एकमेकांशी बोलत नाहीत. अशी गाडी स्वस्त वाटली तरी घेणारा दोन गुन्ह्यांचा वारसदार होतो.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्रानं जुलै २०२१ मध्ये वेगळी सोय केली. राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला खास नंबर मिळतो. नवीन नोंदणीला २० हजार रुपये, पुनर्नोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षं. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा, ही त्यातली अट मला फार महत्त्वाची वाटते. पर्किन्स बसवलेली खरी विलीज या नंबराला अपात्र ठरते आणि जशीच्या तशी ठेवलेली १९६८ ची सीजे-३बी पात्र ठरते. ज्यांनी वेश न बदलता आपल्या महिंद्रा जपल्या, त्यांच्या बाजूनं कायदा उभा आहे. मात्र या नंबरावर रोजची ये-जा करता येत नाही, धंदा तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्तीसाठीच ती रस्त्यावर आणता येते. जिला रोज मळ्यात न्यायची आहे तिच्यासाठी साधा नंबर नूतनीकरण करून चालवलेलाच बरा.

रंगाची हौस सगळ्यांना असते, म्हणून हेही सांगायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार संरक्षण खात्याशिवाय कुणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग लावता येत नाही. लिलावातून घेतलेल्या गाडीचा रंग बदलूनच ती पासिंगला न्यावी लागते. बाण, पलटणीची चिन्हं, तारे, हेही काढून टाकावेत. फौजेबद्दल आदर असेल तर तो तिच्या खुणा न वापरण्यातही दिसतो. मातकट करडा, फिका वाळूचा रंग किंवा महिंद्राचा जुना निळा, यांत जीप तितकीच शोभते.

किमतीबद्दल आकडे सांगून उपयोग नाही, ते महिन्याला बदलतात. किंमत कशावर ठरते ते मात्र स्थिर आहे. कागद पूर्ण आणि नंबर जुळणारे असतील तर बिनइंजिनाची गाडीसुद्धा किमतीची, कागद नसतील तर सुरू होणारी गाडीही भंगाराच्या भावाची. त्यानंतर मूळ चासी आणि मूळ बॉडी. मूळ इंजिन काढून डिझेल बसवलेलं असलं, पण जुनं इंजिन कोपऱ्यात पोत्याखाली जपलेलं असलं, तर ते गाडीसोबतच घ्यावं, वेगळं विकू देऊ नये. मूळ जाळी, मूळ डॅशबोर्डवरच्या पाट्या, जॅक, हत्यारांचा डबा, जेरीकॅन, यांतली प्रत्येक वस्तू वेगळी शोधायला गेलं तर वर्षं जातात. नवा रंग, रुंद टायर आणि मोठा हॉर्न यांना मी काहीही किंमत देणार नाही.

विकणाऱ्यासाठीही काही गोष्टी. गाडी धुवा, पण रंगवू नका. घासलेला मूळ रंग आणि खालचे जुने थर पारखी गिऱ्हाइकाला नव्या रंगापेक्षा जास्त सांगतात. वडिलांनी किंवा आजोबांनी ती कधी, कुठल्या लिलावातून आणली, कोणत्या वर्षी इंजिन बदललं, हे एका कागदावर लिहून सही करून द्या. जुना फोटो असेल तर त्याची प्रत जोडा. इंजिन बदललं असेल तर सांगा. ते लपवलं तर सौदा मोडतो, सांगितलं तर फक्त भाव कमी होतो. गाडी गेटातून बाहेर गेली म्हणजे व्यवहार संपला असं समजू नका. कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आणि राज्याबाहेर विकली तर ४५ दिवसांत विकणाऱ्यानं कळवायचं असतं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. ओळखीचा पाहुणा म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन गाडी सोपवण्याची आपल्याकडं पद्धत आहे. ती सोडा. घेणाऱ्याला सोबत घेऊन आरटीओत जा, अर्ज दाखल झाल्याची पावती स्वतःच्या नावानं घ्या, आणि ऑनलाइन नोंदीत नवं नाव दिसेपर्यंत व्यवहारातली थोडी रक्कम घेणाऱ्याकडे आणि मूळ आरसी बुकाची एक साक्षांकित प्रत तुमच्याकडे राहू द्या.